कोळंबी वितळवलेल्या पाण्यातलं एन्झाइम: ट्रॉम्सोचं एक प्रकरण

मासळीच्या वेस्टमधून एन्झाइम (सजीवांत रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन) काढायचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच टनांवर जाते, किती टन डोकी, किती टन सालं, किती टन आतडी, मग त्यातून टक्का किती निघेल आणि किलोला भाव काय मिळेल. मला हा हिशोब चुकीच्या टोकाकडून सुरू होतो असं मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते सांगायला उत्तर नॉर्वेतलं एक प्रकरण सविस्तर मांडतो. तिथं माल सापडला तो सालांच्या ढिगात नाही तर गटारात सोडायच्या पाण्यात, आणि ज्या एन्झाइमनं नाव कमावलं त्याचा मोठा गुण हा की ते ६५ डिग्रीला पंधरा मिनिटं ठेवलं की कायमचं मरतं. एन्झाइम विकणारे एरवी "आमचं जास्त टिकतं" म्हणून विकतात, हे मात्र लवकर मरतं म्हणून विकलं गेलं, आणि यातच सगळी गोम आहे.

आधी जागा आणि माल समजून घेऊ. ट्रॉम्सो हे आर्क्टिक सर्कलच्याही वरचं शहर, आणि तिथल्या बॅरेंट्स समुद्रात जी कोळंबी मिळते तिचं शास्त्रीय नाव पॅन्डॅलस बोरिअॅलिस. आकारानं आपल्या मोठ्या पांढऱ्या कोळंबीपुढे लहानच, वाढायलाही हळू, आयुष्याची सुरुवात नर म्हणून करते आणि काही वर्षांनी मादी होते. शून्याच्या जवळपास ते चार-पाच डिग्री असल्या पाण्यात ती राहते. आपल्या करंदीला किंवा टायनीला हे पाणी झेपणारच नाही, आणि हा तापमानाचा फरक पुढे सगळीकडे येणार आहे म्हणून तो आत्ताच डोक्यात ठेवा.

ट्रॉलरवर पकडलेल्या मालातला मोठा माल बोटीवरच उकडतात किंवा कच्चाच अख्खा गोठवून विकतात. बाकीचा, म्हणजे ज्याला तिथं इंडस्ट्रियल माल म्हणतात तो, बोटीवर कच्चाच ब्लॉक करून गोठवायचा, बंदरावर आणायचा, मग फॅक्टरीत पाण्यात वितळवायचा, थोडा वेळ "पिकू" द्यायचा म्हणजे सालं मांसापासून सुटी होतात, मग वाफेवर उकडायचा आणि रोलरच्या मशीनवर सोलायचा. सोललेला माल आयक्यूएफ करून (एकेक नग सुटा गोठवून) ग्लेझिंग, म्हणजे बर्फाचा पातळ थर, मारून पॅक. ससून डॉकला किंवा रत्नागिरीत बायका ओट्यावर बसून एकेक कोळंबी हातानं सोलतात तसं तिथं नाही, पण बाकी टप्पे आपल्या प्लँटवाल्याला अनोळखी नाहीत. आणि सालं सुटी होण्यासाठी जो वेळ देतात ना, त्या वेळात काम करतात ती कोळंबीच्या पोटातली तिची स्वतःची एन्झाइम्सच, म्हणजे त्या फॅक्टऱ्या एन्झाइम वापरतच होत्या, फक्त त्याकडे कोणी तसं बघत नव्हतं.

आता वितळवायच्या टाकीपाशी थांबू, कारण प्रकरण इथंच घडतं. कोळंबीच्या डोक्याच्या भागात, पाठीच्या कवचाखाली एक मऊ पिवळसर-तपकिरी गोळा असतो, हेपॅटोपँक्रिअस, लिव्हर आणि पँक्रिअस दोन्हींचं काम करणारा अवयव. कोळंबी साफ करताना डोकं ओढलं की बोटाला जी तेलकट चिकट घाण लागते ती बरीचशी याचीच. पचनाची सगळी एन्झाइम्स इथं ठासून भरलेली असतात. माल गोठतो तेव्हा पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशींची आवरणं फाडतात, मग ब्लॉक पाण्यात सुटा व्हायला लागला की पेशींच्या आतलं सगळं बाहेर पाझरतं. एन्झाइम काढायचं म्हणजे लॅबमध्ये पहिली स्टेप काय असते, तर टिश्यू फोडा, मिक्सरमधून काढा, बफरमध्ये ढवळा, गाळा. इथं ती स्टेप फ्रीझरनं फुकटात करून दिलेली, वर ते पाणी आधीच थंड, म्हणजे नाजूक प्रोटीनला लागतं तसंच. आणि फॅक्टरी हे पाणी काय करत होती तर सोडून देत होती, कारण तिच्या दृष्टीनं ते फक्त सेंद्रिय भार वाढवणारं सांडपाणी.

१९९० मध्ये रॅग्नर ओल्सेन, योहान्सेन आणि मिर्नेस या ट्रॉम्सोच्या संशोधकांनी कोळंबीच्या वेस्टमधून एन्झाइम्स परत मिळवायची पद्धत छापली, छोटासाच पेपर आहे पण या विषयातल्या जवळपास प्रत्येक रिव्ह्यूमध्ये तो येतो. त्यांनी वितळवण्याच्या पाण्यात चार एन्झाइम्स दाखवली: अल्कलाइन फॉस्फेटेज, हायलुरोनिडेज, बीटा-एन-अॅसिटिलग्लुकोसअमिनिडेज आणि कायटिनेज. शेवटची दोन कायटिनशी, म्हणजे कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाशी संबंधित, आणि कवच टाकून नवं घालणाऱ्या जीवात ती असणारच.

पद्धत बघा, कारण मला या प्रकरणात सगळ्यात आवडतो तो हा भाग. पाण्यात आधी फेरिक क्लोराइड टाकायचं. आपल्याकडच्या कुठल्याही ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) ऑपरेटरला विचारा, फेरिक क्लोराइड त्याला पाठ असतं, गढूळ पाण्यातला गाळ, चरबी, बारीक कण यांच्या गुठळ्या बांधून तो खाली बसवायचा. इथं तेच केमिकल तेच काम करतं, फक्त उद्देश उलटा, ईटीपीत खाली बसलेला गाळ काढून टाकला की वरचं पाणी सोडून द्यायचं असतं आणि इथं वरच्या नितळ पाण्यातच माल विरघळलेला असतो. मग ते पाणी क्रॉस-फ्लो अल्ट्राफिल्ट्रेशनमधून घ्यायचं, म्हणजे पाणी मेम्ब्रेनवर आडवं वाहतं, पाणी आणि मीठ आरपार जातं, एन्झाइमसारखे मोठे रेणू मागे राहून घट्ट होत जातात. आडवं वाहतं म्हणून मेम्ब्रेन लवकर चोक होत नाही, कोळंबीच्या पाण्यासारख्या चिकट मालाला हे फार महत्त्वाचं. शेवटी फ्रीझ-ड्राय करून, म्हणजे गोठवूनच सुकवून, पावडर. कुठंही उष्णता नाही, महागडं सॉल्व्हंट नाही, फॅक्टरीची मूळ लाइन एका मिनिटासाठीही थांबवायची गरज नाही. वेस्टवरचे शेकडो प्रोजेक्ट कागदावर राहतात त्याचं मोठं कारण हेच असतं की ते फॅक्टरीला तिचं काम बदलायला सांगतात. इथं फक्त टाकीच्या नळाला दुसरा पाइप जोडायचा होता.

पावडर मिळाली, पण ही कच्ची पावडर, चार एन्झाइम्सची आणि इतर प्रोटीन्सची खिचडी. प्रश्न हा की यातलं कोण विकत घेईल आणि कशासाठी. इथं चारांपैकी अल्कलाइन फॉस्फेटेज पुढे निघून गेलं आणि ते का हे नीट समजून घ्यायला जरा मॉलिक्युलर बायोलॉजीत शिरावं लागेल.

जीन क्लोनिंगमध्ये, म्हणजे हव्या त्या डीएनएच्या प्रती बॅक्टेरियात बनवून घेताना, एक गोल डीएनए घेतात, प्लाझ्मिड, तो रिस्ट्रिक्शन एन्झाइमनं एका जागी कापतात आणि त्या फटीत आपल्याला हवा तो तुकडा बसवून लायगेजनं जोडतात. अडचण अशी की कापलेल्या प्लाझ्मिडची दोन टोकं तुमच्या तुकड्याची वाट बघत बसत नाहीत, ती एकमेकांनाच परत चिकटतात, आणि मग दुसऱ्या दिवशी प्लेटवर बॅक्टेरियाच्या भरपूर कॉलनी दिसतात पण त्यातल्या बहुतेक रिकाम्या, तुकडा न बसलेल्या. ज्यानं हे केलंय त्याला ती निराशा माहीत असते. लायगेजला जोडायला टोकावर फॉस्फेट लागतो, म्हणून प्लाझ्मिडच्या टोकांवरचे फॉस्फेट आधी फॉस्फेटेजनं काढून टाकायचे, मग ती स्वतःशी जोडली जात नाहीत. उत्तम. पण आता ते फॉस्फेटेज त्याच ट्यूबमध्ये बसलेलं आहे आणि तुम्ही तुमचा तुकडा टाकला की ते त्याच्याही टोकांवरचे फॉस्फेट काढणार, म्हणजे पुढची जोडणीच मेली. त्यामुळे काम झालं की फॉस्फेटेज पूर्ण घालवणं हा कळीचा मुद्दा होता.

त्या काळात लॅबमध्ये वापरात होती ती मुख्यतः दोन, एक ई. कोलाय बॅक्टेरियाचं आणि दुसरं वासराच्या आतड्यातलं. बॅक्टेरियाचं तर उष्णतेला दादच देत नाही, ६५ डिग्रीला ते आरामात काम करतं. वासराचं त्या मानानं नरम, पण नुसतं तापवून ते शंभर टक्के गेलं याची खात्री देता येत नाही, म्हणून फिनॉल-क्लोरोफॉर्मनं धुवा, डीएनए परत प्रेसिपिटेट करा, किंवा कॉलम (रेणू वेगळे करणारी भरलेली नळी) वापरा, आणि प्रत्येक वेळी थोडा डीएनए गमवा. फिनॉल म्हणजे हातावर पडलं तर भाजणारं, वास डोक्यात जाणारं प्रकरण, हौसेनं कोणी वापरत नाही.

कोळंबीचं फॉस्फेटेज ३७ डिग्रीला नेमून दिलेलं काम करतं आणि ट्यूब ६५ डिग्रीवर ठेवली की मरतं, परत थंड केल्यावर जागं होत नाही. काम आटोपलं की निरोप घेऊन निघणाऱ्या पाहुण्यासारखं. ट्यूब उघडायची नाही, धुवायची नाही, पुढचं रिअॅक्शन त्याच ट्यूबमध्ये. हा गुण कुणी डिझाइन केलेला नाही. थंड पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या एन्झाइमला चार डिग्रीवरसुद्धा काम करायचं असतं, त्यासाठी त्याची घडण सैल, लवचिक ठेवावी लागते, आणि सैल घडण तापवली की लवकर उसवते. बॅरेंट्स समुद्रात कोळंबीला ६५ डिग्री कधी बघावे लागत नाहीत, त्यामुळे तिचं काहीच अडलं नाही.

दुसरा मोठा उपयोग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, तिच्या नंतरचा. पीसीआर झाला की ट्यूबमध्ये तुमच्या डीएनएबरोबर उरलेले प्रायमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि उरलेले न्यूक्लिओटाइड (डीएनएचे सुटे घटक) असतात, सँगर सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायला, ते त्रास देतात. मग एक्सोन्यूक्लिएज-वन टाकून प्रायमर खाऊन टाकायचे आणि कोळंबीचं फॉस्फेटेज टाकून न्यूक्लिओटाइडचे फॉस्फेट काढून ते निकामी करायचे, ३७ डिग्रीला पंधरा मिनिटं काम आणि ८० डिग्रीला पंधरा मिनिटं दोघांचाही शेवट. अमेरिकेतल्या यूएसबी कंपनीनं हे मिश्रण एक्सोसॅप-आयटी नावानं विकलं, पुढे ती कंपनी अॅफिमेट्रिक्सकडे आणि तिथून थर्मो फिशरकडे गेली, पण नावातलं "सॅप" तसंच राहिलं, श्रिम्प अल्कलाइन फॉस्फेटेज. पुणे-मुंबईच्या कितीतरी लॅबमध्ये फ्रीजरच्या रॅकमध्ये ही छोटी ट्यूब असते आणि वापरणाऱ्या पोरापोरींना त्यातलं "श्रिम्प" कुठून आलं हे माहीतही नसतं.

इथपर्यंत पोचायला शुद्धतेची मोठी चढण होती आणि ती सांगितल्याशिवाय हे फार सोपं वाटेल. डीएनएवर काम करणारं एन्झाइम विकायचं तर त्यात डीएनए कापणारं दुसरं एन्झाइम नावालाही असून चालत नाही. आणि कोळंबीच्या त्याच हेपॅटोपँक्रिअसमध्ये डीएनए कापणारं एक जबरदस्त डीएनेज आहे! म्हणजे कच्ची पावडर तशीच वापरली तर फॉस्फेट निघायच्या आधी प्लाझ्मिडचाच चुरा. म्हणून कॉलमवर कॉलम, टेस्टवर टेस्ट, आणि किंमत चढते ती इथंच, पाण्यातून काढण्यात नाही.

आता गंमत अशी की जे डीएनेज घालवायला एवढी मेहनत, त्याचाच पुढे अभ्यास झाला. ते दुपदरी डीएनए तोडतं, एकपदरी डीएनएला जवळजवळ हात लावत नाही, आणि तेही मध्यम उष्णतेला कायमचं मरतं. आरएनएच्या नमुन्यातला नको असलेला डीएनए काढायला किंवा पीसीआरच्या रसायनांत आधीपासून शिरलेला डीएनए साफ करायला हे फार उपयोगी, कारण प्रायमर एकपदरी असतात आणि ते वाचतात. त्याच्या जीनचा आणि गुणधर्मांचा पेपर २०१० मध्ये ट्रॉम्सोच्याच लोकांनी छापला. एका कामातली अशुद्धी दुसऱ्या कामाचा मुख्य माल झाली. वेस्टवर काम करणाऱ्यांनी नको असलेल्या फ्रॅक्शन (शुद्धीकरणात वेगळे पडलेले भाग) फेकायच्या आधी त्यांची अॅक्टिव्हिटी एकदा तपासावी असं मी नेहमी सांगतो ते अशा उदाहरणांमुळेच.

हे सगळं बाजारात नेणारी कंपनी ट्रॉम्सोची बायोटेक फार्माकॉन, हिचीच एन्झाइम शाखा आर्क्टिकझाइम्स, आणि २०२० मध्ये अख्ख्या कंपनीनंच आर्क्टिकझाइम्स टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलं.

मग या प्रकरणातला असा भाग येतो जो वेस्टच्या भाषणांमध्ये कोणी सांगत नाही. २००१ मध्ये या फॉस्फेटेजचा जीन वाचून झाला, २००२ मध्ये त्याची स्फटिक रचना १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईनं छापली गेली. जीन हातात आला म्हणजे कोळंबी लागत नाही. तो जीन पिकिया नावाच्या यीस्टमध्ये घातला, टाकीत यीस्ट वाढवलं की तेच एन्झाइम, तसंच उष्णतेला मरणारं, दर बॅचला सारखं, ट्रॉलरला माल लागला की नाही याच्याशी संबंध नाही, कोळंबीचं डीएनेज सोबत येत नाही. न्यू इंग्लंड बायोलॅब्जसारख्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये आज जे दिसतं त्याच्या नावापुढे रिकॉम्बिनंटचा, म्हणजे दुसऱ्या जीवात जीन घालून बनवलेल्याचा, "आर" असतो. डीएनेजही पिकियातच बनतं. अटलांटिक कॉडमध्ये सापडलेलं युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज, पीसीआरमधलं जुन्या डीएनएचं प्रदूषण रोखणारं आणि ५५ डिग्रीला कायमचं मरणारं, ते ई. कोलायमध्ये बनवून विकतात. म्हणजे कोळंबीच्या पाण्यानं एन्झाइम दाखवून दिलं आणि मग त्या पाण्याची गरज संपली.

काही जण यावरून म्हणतात की मग वेस्टमधून एन्झाइम काढायला अर्थच काय. मला ते अजिबात पटत नाही. जीन वाचायला आधी कुणीतरी ते प्रोटीन शुद्ध स्वरूपात हातात धरावं लागलं, त्यासाठी कच्चा माल मुबलक आणि फुकट हवा होता आणि तो वितळवण्याच्या पाण्यानं दिला. शिवाय यीस्टचं उत्पादन सुरू होईपर्यंतची वर्षं नैसर्गिक एन्झाइमनंच बाजार तयार केला, गिऱ्हाइकाला सवय लावली. पण हेही तितकंच खरं की यातला पैसा शेवटी जीन आणि शुद्धीकरण ज्यांच्या हातात होतं त्यांच्याकडे गेला, ज्या फॅक्टऱ्यांच्या टाकीतून पाणी आलं त्यांचा धंदा एन्झाइमवर उभा राहिला नाही. आपल्या प्रोसेसरला "तुमच्या वेस्टमध्ये सोनं आहे" असं सांगताना ही बाजू लपवणं मला बरोबर वाटत नाही.

आता कोकण. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर, तळोज्याच्या प्लँटमध्ये कोळंबी, म्हाकूळ, बळा, राणीमासा असा माल येतो, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याचं सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) अशा संस्थाही हाताशी आहेत. तर ट्रॉम्सोचं मॉडेल उचलून इथं आणलं तर? तसंच्या तसं आणलं तर फसेल, आणि कारण समुद्रात आहे. आपली कोळंबी पंचवीस-तीस डिग्रीच्या पाण्यातली, तिची एन्झाइम्स साधारणपणे जास्त घट्ट बांधणीची असणार, तिच्याकडून उष्णतेला पटकन मरायचा गुण मिळेल ही आशा धरण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, आपल्या लाइनमध्ये एन्झाइमला मारणाऱ्या गोष्टी आधीच भरपूर आहेत. एक्सपोर्टच्या नियमांसाठी धुण्याच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते प्रोटीनला सरळ ऑक्सिडाइज करतं. डोकं काळं पडू नये म्हणून बोटीवरच मेटाबायसल्फाइट मारतात. वजन धरायला फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात आणि फॉस्फेट म्हणजे तर अल्कलाइन फॉस्फेटेजचा थेट इनहिबिटर (काम रोखणारा), त्याच्याच कामातून बाहेर पडणारा पदार्थ जास्त झाला की ते थांबतं. कुणी आपल्या प्लँटच्या मुख्य ड्रेनचं पाणी लॅबमध्ये नेऊन "यात काही नाही" असा रिपोर्ट आणला तर तो रिपोर्ट कोळंबीबद्दल काहीच सांगत नाही, तो ड्रेनबद्दल सांगतो.

मग आपल्याकडे कुठं बघावं? माझं मत स्पष्ट आहे, शुद्ध एन्झाइम विकायच्या मागे न लागता वेस्टमधल्या एन्झाइमकडून वेस्टमध्येच काम करून घ्यावं. डोक्यातल्या प्रोटिएजेसना (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइम्सना) तापमान आणि पीएच जमवून दिलं तर ती सालाला चिकटलेलं बरंच प्रोटीन स्वतःच सोडवतात, त्याला ऑटोलिसिस म्हणतात. सालांपासून कायटिन आणि त्यापासून होणारं कायटोसान बनवताना प्रोटीन काढायला जो कॉस्टिक सोडा लागतो तो त्यामुळे कमी होतो, ईटीपीवरचा भार कमी होतो, आणि सुटलेलं प्रोटीन कॉस्टिकमध्ये जळून जाण्याऐवजी खाद्याच्या कामाचं राहतं. म्हाकुळाच्या पोटातला जो तेलकट भाग आपण सरसकट फिशमीलला देतो त्यातली प्रोटिएजेस याच कामाला लावता येतात, आणि फिश सायलेजमध्ये तर पहिल्यापासून हेच होतं, अॅसिड टाकून बॅक्टेरिया थोपवायचे आणि माशाच्या स्वतःच्या एन्झाइमनं तो पातळ होऊ द्यायचा. यात कॉलम नाही, फ्रीझ-ड्रायर नाही, डीएनेज निघालं का याची चिंता नाही.

आणि ज्यांना तरीही शुद्ध एन्झाइमच्याच वाटेनं जायचंय, विद्यार्थी असोत की प्लँटवाले, त्यांनी नमुना घ्यायची जागा आधी बदलावी. क्लोरीनचं पाणी आणि फॉस्फेटचं बुडवण लागायच्या आधीचं, गोठलेला ब्लॉक वितळताना पहिलं सुटणारं पाणी वेगळ्या बादलीत धरायचं, त्या बोटीवर मेटाबायसल्फाइट मारलं होतं का ते विचारून घ्यायचं, बादली बर्फात ठेवायची, त्याच दिवशी प्रोटिएज, फॉस्फेटेज, डीएनेज अशा तीन-चार अॅक्टिव्हिटी मोजायच्या, मग तेच पाणी थोडं थोडं वेगवेगळ्या तापमानाला ठेवून परत मोजायचं आणि कोण कुठं मरतं याचा तक्ता करायचा. मेम्ब्रेनचं कोटेशन मागवायची वेळ तो तक्ता हातात आल्यानंतरची.